पहिलारू शेळी करडांना कासेला लागू देत नाही

(दावणीवरची पत्रं : शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्या वाचकांच्या प्रश्नांना मंगळवेढा तालुक्यातल्या एक पशुसखी (गावात जनावरांच्या देखभालीचं मार्गदर्शन करणारी प्रशिक्षित महिला) या सदरात उत्तरं देतात.)

प्रश्न : ताई, माझी उस्मानाबादी शेळी पहिल्यांदाच व्याली. दोन करडं आहेत, एक पाट (मादी), एक बोकड. पहिलं चाटलं, दुसऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही. आता दोघांनाही कासेला लागू देत नाही. लाथ मारते, ढुशी देते. सासूबाई म्हणतात दृष्ट लागली, आणि वार (व्यायल्यावर गर्भाशयातून बाहेर पडणारं जाळं) पडेपर्यंत पाजूच नका. करडं ओरडून ओरडून गप झालीत. शेजारीण साखरपाणी पाजा म्हणते. काय करू?
– एक भगिनी, मोहोळ तालुका

उत्तर : ताई, तुमचा निरोप आला त्याच रात्री आपण फोनवर बोललो, त्यामुळं तुमचं काम भागलंय. अंक हातात पडेल तोवर तुमची करडं दावणीवर उड्या मारत असतील. पण संक्रांतीच्या आगेमागे याच तक्रारीचे फोन येत राहतात, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमच्या निरोपातलं ‘करडं गप झालीत’ एवढंच मला टोचलं. ओरडणाऱ्या करडाची मला फारशी काळजी नसते, त्याच्यात जोर असतो. पाठ वाकवून, कान पाडून कोपऱ्यात गप उभं राहिलेलं करडू एक तर उपाशी असतं नाहीतर गारठलेलं. म्हणून शेळीशी झटापट करायच्या आधी करडाच्या तोंडात स्वच्छ बोट घाला. आत ऊब लागली आणि जिभेनं बोट ओढलं तर सरळ कासेला लावा. तोंड गार लागलं तर आधी ऊब, मग दूध. गारठलेल्या करडाला नीट गिळता येत नाही. अशात वाटी-चमच्यानं ओतलेलं दूध किंवा साखरपाणी श्वासनळीत उतरतं, आणि लोक म्हणतात, ‘पाजलं तरी मेलं.’

ऊब कशी द्यायची? जुना टर्किश टॉवेल घ्या, सोलापूर जिल्ह्यात त्याला तोटा नाही. खसखसून कोरडं करा आणि जुन्या चादरीत गुंडाळा, तोंड मोकळं ठेवा. प्लास्टिकच्या बाटल्यांत गरम पाणी भरून, फडकं गुंडाळून दोन्ही कुशींना लावा. बल्ब टांगणार असाल तर कडब्यापासून लांब टांगा, आणि नको झालं तर करडाला बाजूला सरकता येईल एवढी जागा ठेवा. घरात ताप बघायचं थर्मामीटर असेल तर शेपटीखाली लावून बघा. १०२-१०३ फॅरनहाइट ठीक. १०० च्या खाली गेलं आणि करडानं मान टाकली असेल तर घरचे उपाय सोडा. व्यायल्याला पाच-सहा तास होऊन गेलेल्या अशा करडाच्या अंगातली साखर संपलेली असते, डॉक्टर आधी ग्लुकोज देतात आणि मग शेकतात. उलटं केलं तर शेकता शेकता झटके येतात. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री नंबर आहे. तो गोठ्याच्या दारावर खडूनं लिहून ठेवा, वेळेवर आठवत नाही.

आता वारेचं. ‘वार पडल्याशिवाय पाजायचं नाही’ हे आपल्याकडं घरोघरी ऐकायला मिळतं, आणि याच्याइतकं नुकसान लांडग्यानंही केलं नसेल. खरं तर उलट आहे. करडू कासेला लागलं की शेळीच्या अंगात जो पान्हा सुटतो, त्याच ओढीनं गर्भाशय आवळतं आणि वार पडायला मदत होते. वार साधारण १२ तासांत पडावी. नाही पडली तर डॉक्टर. लोंबती वार ओढायची नाही, तिला दगड बांधायचा नाही. दृष्ट काढायची असेल तर खुशाल काढा, मीठमोहऱ्यांनी शेळीचं काही बिघडत नाही. फक्त आधी करडू कासेला लावा, मग काढा.

एवढी घाई कशाला, असं सासूबाई विचारतील तर त्यांना सांगा, की शेळीच्या पोटात असताना करडाला आईकडून रोगाशी लढायची ताकद मिळतच नाही. ती सगळी चिकातून, म्हणजे व्यायल्यावरच्या पहिल्या दाट दुधातून येते. आणि करडाचं आतडं ती ताकद रक्तात घेतं ते पहिले काही तासच. १२ तासांनंतर ते फार कमी होतं, २४ तासांनी जवळजवळ बंद. म्हणून पहिल्या अर्ध्या-एक तासात चीक पोटात गेला पाहिजे. दोन किलोचं करडू असेल तर पहिल्या काही तासांत १०० मिलि आणि २४ तासांत मिळून किमान २०० मिलि, जास्त प्यालं तर उत्तमच. अर्थात कासेला पिणारं करडू कुणी मोजत बसत नाही. त्याच्या बरगड्यांच्या मागं हात लावून बघायचं. पोट भरलेलं लागलं, करडू अंग ताणून झोपलं, की मिळालं.

हे झालं करडाचं. आता शेळीकडं वळू. ती वैरीण नाही, तिला कळत नाहीये किंवा दुखतंय. दुखतंय का ते आधी बघायचं, म्हणून पहिला हात कासेला. पहिलारूची कास बऱ्याचदा सुजून ताठ होते, कातडी चकाकते, बोट लावलं तरी ती पाय झाडते. कोमट पाण्यात फडकं पिळून पाच-दहा मिनिटं शेका, खोबरेल लावून हलक्या हातानं चोळा. मग दोन्ही सडांतून दोन-दोन धारा काढा. सडाच्या टोकाला मेणासारखा चिकट बूच असतो. तो करडाला ओढून निघत नाही, ते बिचारं चोखून दमतं आणि घरचे म्हणतात शेळीला दूधच नाही. पहिली धार येताना जरा जोर लावावा लागतो, बूच सुटला की पिवळा, मधासारखा दाट चीक येतो. त्या धारा जमिनीवर टाकू नका, वाटीत घ्या, लागतील. कास मोकळी झाली की निम्म्या शेळ्या तिथंच शांत होतात.

नाही झाली तर धरावी लागते. दोन माणसं असतील तर सोपं. शेळीचं तोंड कोपऱ्यात, दावं आखूड, पुढ्यात घमेल्यात मूठभर भरडा. एकानं तिची एक कूस भिंतीला लावून दुसऱ्या कुशीला गुडघा टेकवायचा, दाबायचं नाही. मागचा पाय फारच उडत असेल तर त्याच्या ढोपराच्या वर हात धरून जरासा उचलायचा. तीन पायांवरच्या शेळीला लाथ मारता येत नाही. दुसऱ्यानं करडू घ्यायचं. इथं सगळे एकच करतात, करडाचं डोकं मागून धरून कासेत खुपसतात. करडू जितकं ढकलाल तितकं ते मागं रेटतं. त्यापेक्षा त्याच्या हनुवटीखाली तळवा धरा, अंगठा आणि बोटानं जबड्याच्या कोपऱ्यातून तोंड उघडा, ओठांवर चिकाची एक धार मारा आणि सड जिभेवर ठेवा. दुसऱ्या हातानं त्याचे डोळे झाका. अंधार झाला की त्याला आईच्या पोटाखाली आल्यासारखं वाटतं आणि ते शोधायला लागतं. शेपटीच्या बुडाशी नखानं खाजवा, शेळी प्यायला घालताना तिथंच हुंगते आणि चाटते. करडाची शेपटी भरभर हलायला लागली की समजा धार पोटात चाललीय. तोवर शांत राहा. आमच्याकडं ‘ठिपकी’ म्हणून शेळी होती, घरच्या माणसांचा आवाज चढला की ती पान्हा चोरायची, आणि माझ्या घरात आवाज न चढवता कुणाला काही करता येत नाही, त्यामुळं तिच्यापाशी जायचं असलं की मी आधी सगळ्यांना बाहेर काढायची.

दर तीन-चार तासांनी असं पाजा, रात्रीसुद्धा. मधल्या वेळेत करडं तिच्यापासून लांब नेऊ नका, पण मोकळीही सोडू नका. ढुशीनं भिंतीवर आपटलं तर बरगडी मोडते. डाळिंबाचं प्लास्टिकचं क्रेट तिच्या पुढ्यात ठेवून करडं त्यात ठेवा. जाळीतून तिला वास येतो, चाटता येतं, मारता येत नाही. शेळी आपलं लेकरू सुरुवातीला वासानंच ओळखते. व्यायल्यावर पहिल्या थोड्या वेळात चाटलं तेवढंच आपलं, राहिलेलं परकं, असं तिचं गणित असतं. तुमचं दुसरं करडू येईतो ती पहिल्यातच गुंतली होती आणि ते तसंच राहिलं. म्हणून त्याच्या पाठीवर, विशेषतः शेपटीपाशी, तिचाच चीक चोळा. पाण्यात मीठ कालवून शिंपडलं तरी ती चाटायला लागते. त्याला आंघोळ घालू नका, फिनेल-डेटॉलचा हात लावू नका, हळद-कुंकू तर अजिबात नको. आणि शक्य असेल तर व्यायच्या वेळीच अंगावरचा ओला चिकटा न पुसता दोन्ही करडं तिच्या तोंडापुढं ठेवत जा, पुढच्या वेताला हा प्रश्न येणार नाही.

बहुतेक शेळ्या दोन-तीन दिवसांत घेतात, काही हट्टी आठवडा लावतात. त्यापुढंही नाहीच म्हणाली तर बाटली. ‘पान्ह्याचं इंजेक्शन’ म्हणून कुणी काही आणून देत असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय टोचू नका. शेळीला व्यायल्यावर कोमट पाण्यात गूळ द्या, शेवरी, सुबाभूळ, बोरीचा पाला द्या. माया म्हणून घमेलंभर ज्वारी एकदम घालू नका, पोट फुगेल आणि आहे ते दूधही जाईल.

प्रश्न : शेळीला तीन करडं झालीत आणि सड दोनच. तिसरं, सगळ्यांत लहान, दिवसेंदिवस वाळतंय. शेजाऱ्याची शेळी कालच व्याली, तिचं करडू मेलेलं जन्मलं. तिच्याखाली लावता येईल का?
– एक शेतकरी, सांगोला तालुका

उत्तर : दादा, येईल, पण आजच. काल व्यालीय म्हणजे वेळ निघून चाललीय. मेलेल्या करडाचा वास किंवा वारेचा चिकटा अजून मिळत असेल तर त्यानं तुमच्या करडाचं अंग, डोकं आणि शेपटी चोळा, मग तिच्यापुढं ठेवा. मेंढपाळांची जुनी रीत याहून कडक आहे. मेलेल्या पिलाचं कातडं काढून परक्या पिलाला झुलीसारखं घालतात आणि शेळी-मेंढी फसते. ऐकायला वाईट वाटतं, पण त्यानं पिलू जगतं. दोन-तीन दिवसांनी, करडाच्या पोटातून तिच्याच दुधाचा वास यायला लागला की ते उतरवतात. लावताना तिच्या कासेतला चीक तुमच्या करडाला मिळतोय हा वरचा फायदा. फक्त शेजाऱ्याचं करडू कशानं मेलं ते विचारून घ्या. कळपात शेळ्या गाभडत (दिवस भरण्याआधीच गर्भ टाकत) असतील तर तुमचं करडू तिकडं नेऊ नका, आणि असल्या वारेला उघडा हात लावू नका, काही रोग माणसालाही होतात.

तिकडं जमलं नाही तर घरीच वाटणी करा. दांडगी दोन करडं थांबत नाहीत, प्रत्येक जण एक सड धरून बसतो. लहान करडाच्या कपाळाला खुणेचा रंग लावा, प्रत्येक वेळी त्याला पहिलं सोडा, मग बाकीचे. वरून बाटलीनं शेळीचं नाहीतर गाईचं दूध, दिवसाला त्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास, पहिल्या आठवड्यात चार-पाच वेळा विभागून. दूध अंगाएवढं कोमट हवं, पाणी घालायचं नाही, साखर घालायची नाही. पाजताना करडाचं तोंड कासेखाली असतं तेवढंच वर असावं, मान मागं वाकवून ओतू नका. आणि बाटली-बूच प्रत्येक वेळी गरम पाण्यानं धुवा. हगवणीनं मेलेल्या करडांमागं बऱ्याच वेळा कालची बाटली असते.

प्रश्न : चीक मिळाला नाही तर अंडं, दूध आणि एरंडेल एकत्र करून पाजतात असं ऐकलं. खरं का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : पाजतात. पोट भरतं, काळी चिकट पहिली लेंडी पडायला एरंडेलाची मदत होते. पण रोगाशी लढायची ताकद त्यात नसते, तेव्हा ते चिकाच्या जागी धरू नका. दुसऱ्या शेळीचा चीक मिळाला तर पहिला मान त्याचा, नाहीतर गाईचा. आणि एक बघत जा. चीक प्यालेल्या करडाची पिवळी शी शेपटीखाली सुकून गुदद्वारावर डिंकासारखी बसते. वरून करडू ठणठणीत दिसतं, पण ते कुंथत असतं. कोमट पाण्याच्या फडक्यानं भिजवून काढा, ओरबाडू नका.

प्रश्न : शेळी व्याली तेव्हा करडांना छान पाजायची. चौथ्या दिवसापासून एका बाजूला लागू देत नाही. ती बाजू गरम आणि घट्ट लागते. घरचे म्हणतात दूध साठलंय, करडंच ओढून काढतील.
– एक भगिनी, अक्कलकोट तालुका

उत्तर : नाही हो, हे साठलेलं दूध नाही. हा कासदाह असण्याची शक्यता जास्त, आपल्याकडं ज्याला दगडी म्हणतात. काळ्या फडक्यावर एक धार काढून बघा. चुन्यासारख्या गाठी, पाण्यासारखं पातळ, पिवळट किंवा रक्ताळ आलं तर आजच डॉक्टर. त्या बाजूचं दूध करडांना पाजू नका. ते काढायचं आणि गोठ्याबाहेर लांब टाकायचं, जमिनीवर पिळलं तर तोच रोग दुसऱ्या शेळीच्या सडाला जातो. चांगल्या बाजूला करडं लावा, उरलेलं बाटलीनं भरून काढा. त्या शेळीला शेवटी हात लावा आणि नंतर हात धुवा. कास निळसर-काळी पडून गार लागायला लागली तर सकाळची वाट बघू नका, त्यात शेळी जाते. औषध चालू असताना दूध किती दिवस वापरायचं नाही ते डॉक्टरला विचारून घ्या.

करडांचे दात टोचूनही सड चिरतो आणि शेळी पाय झाडते, पण तेव्हा कास गरम नसते. तेवढंच असेल तर पाजून झाल्यावर खोबरेल लावा, बास. कानस घेऊन करडांचे दात घासायला बसू नका.

प्रश्न : शेळ्या गाभण आहेत. करडं मरू नयेत म्हणून आधी काय करता येईल? चांगली उस्मानाबादी पाट कुठं मिळेल?
– एक तरुण, माढा तालुका

उत्तर : भाऊ, व्यायच्या चार ते सहा आठवडे आधी गाभण शेळीला आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होऊन जनावर दगावतं त्या रोगाची) लस द्या, म्हणजे ती ताकद चिकात उतरते आणि करडांना पहिले आठवडे आयती मिळते. शेळीचे दिवस साधारण १५० असतात, त्यामुळं बोकड दाखवल्याची तारीख कॅलेंडरवर लिहिली की लशीची तारीख आपोआप निघते. शेवटच्या दीड महिन्यात दूध काढणं बंद करून खुराक वाढवा, करडाची बरीचशी वाढ तेव्हाच होते. जनावरासाठी सांगोला तालुक्यातल्या महूदला शेळी-मेंढी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र आहे, तिथं चौकशी करा. बाजारातून घेणार असाल तर शिंगं आणि रंग बघत बसण्याआधी खाली वाकून कास चाचपा. दोन्ही बाजू सारख्या, मऊ, आत गाठ नसलेल्या हव्यात. सड करडाच्या तोंडात मावतील एवढेच असावेत. बाटलीसारखे फुगलेले सड बघून लोक भुलतात, पण ते नवजात करडाला धरताच येत नाहीत आणि मग प्रत्येक वेताला धारा काढून पाजायचं काम तुमच्याच गळ्यात.

प्रश्न : करडं पिऊन चीक उरतो. त्याचा खरवस केला तर चालेल का?
– एक वाचक भगिनी, पंढरपूर

उत्तर : चालेल न चालेल, माझी छाती होणार नाही. खरवस गाई-म्हशीच्या चिकाचा करा. शेळीचा चीक उरलाच तर पहिल्या दिवसाचा, स्वच्छ हातानं काढलेला, शंभर-शंभर मिलिच्या पिशव्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवा. पुढच्या एखाद्या रात्री तिळं होतील, एखादी शेळी व्याल्याबरोबर मरेल, तेव्हा शेजारीपाजारी तुमच्याकडं धावत येतील. वापरताना पिशवी हाताला सोसेल एवढ्या गरम पाण्यात सोडून पातळ करा. गॅसवर उकळला तर त्यातली ताकद जाते आणि खरवसच होतो. पिशवीवर तारीख आणि ‘शेळीचा चीक’ असं ठळक लिहा, नाहीतर घरातलं कुणीतरी ताक समजून कढीत ओतायचं.